तूच आली

जठारपेठ, अकोला
९ नोव्हेंबर २०२४

अपेक्षा,

पत्र बघून दचकू नकोस. माझा फोन आता गजूदादाकडे असतो. "तू फक्त गा, बाकीचं मी पाहतो," असं म्हणाला आणि खरंच बाकीचं सगळं पाहायला लागला. चाहत्यांचे मेसेज तोच वाचतो, उत्तरंही तोच देतो, वर बदाम टाकून. माझ्या नावाने माझा भाऊ अख्ख्या महाराष्ट्राला बदाम पाठवतो आहे, हस. म्हणून तुला कागदावर लिहिते. उत्तर कुलसुमबीच्या पत्त्यावर टाक. माझे स्टेजचे कपडे त्याच शिवतात, मापाला मी तिथे सारखी जाते, कोणाला काही वाटायचं नाही.

आता मुद्द्याचं. मुंबईहून कंपनीवाले आले होते. आपलं गाणं त्यांना नव्याने करायचं आहे, मोठं, नाचासकट. सगळं जमत आलं होतं. मग त्यांच्यातला एक चष्मेवाला म्हणाला, "पण हे तर पुरुषाच्या तोंडचं गाणं आहे. मुलगी का गाते?" आणि त्याने आपल्या दोन ओळी धडा वाचावा तशा वाचल्या:

मी येतो म्हनलं होतं, पन तूच आली
माह्या अंगनात दुपार निवली

"'येतो' म्हणजे पुरुष, 'आली' म्हणजे बाई. पुरुष बाईला म्हणतोय," तो म्हणाला. तेवढ्यात आई पिशवी घेऊन निघाली आणि दारातून ओरडली, "गजू, मी बजारात जातो, लगेच येतो." चष्मेवाल्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलंसुद्धा, पण उजेड काही पडला नाही. त्याचं एक सोड, आपल्या लोकांचं तरी काय वेगळं आहे? घरोघर आया 'येतो', 'जातो' म्हणतात ते कोणाच्या कानावर पडत नाही. गाणं म्हटलं की सगळ्यांना शाळेचं व्याकरण आठवतं. दोन वर्षं मी हे गाणं गाते आहे आणि दोन वर्षं सगळे समजतात की आचल पोराची भूमिका करते.

मी त्याला सांगू शकले असते. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की 'आली' मधली ती कोण.

त्यांचं म्हणणं, एकतर 'मी येते, तूच आला' असं गा, नाहीतर गाणं गोवर्धन नावाच्या एका मुलाला देऊ आणि तू शेजारी नाच. शब्द तुझे आहेत. तुझ्याच हट्टापायी खाली 'पारंपरिक' असं टाकतो, पण आहेत तुझे. काय करू, सांग.

काल दुपारी डोळा लागला तर मी मूर्तिजापूर स्टेशनात, आपल्या त्या बाकावर बसलेले. शकुंतला रेल्वे कधीची बंद आहे, रुळांवर गवत वाढलंय, आणि त्या गवतातून गाडी आली. अजिबात आवाज न करता. खिडक्या-खिडक्यांतून बाया आपलं गाणं म्हणत होत्या, नुसते ओठ हलत होते. मी प्रत्येक डब्यात तुला शोधत होते आणि गाडी काही संपेना.

तुझी,
आचल

अमरावती
१५ नोव्हेंबर २०२४

आचलबाई,

तुम्ही मोठं माणूस झालात. फोन धरायलाही तुम्हाला माणूस लागतो.

तुला वाटतं तू अकोल्यात आहेस. इथे येऊन बघ. सकाळी दूधवाल्याच्या खिशात तू गातेस. क्लासला जाताना ऑटोत गातेस. मी फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणं लिहिते आणि समोरच्या मोबाइलच्या दुकानातून तू वर्गात येतेस, पोरं माना डोलवतात, मी 'लक्ष द्या' म्हणून ओरडते आणि लक्ष माझंच नसतं. संध्याकाळी धुकं खाली उतरतं तेव्हा कुठल्या तरी मांडवातून तुझा आवाज त्या धुक्यातूनच येतो. एक आख्खी मुलगी माझ्या गावभर पसरली आहे आणि मला तिला चहासुद्धा विचारता येत नाही. कधी कधी वाटतं, तू नाहीसच, नुसता आवाज आहे आणि मी तो मनाने रचलाय.

बाबांची गंमत ऐक. तुला माहीत आहे, निवृत्त झाल्यापासून ते वऱ्हाडी शब्द गोळा करत हिंडतात. आपलं गाणं त्यांना फार आवडतं. 'पारंपरिक' वाचून त्यांनी ठरवूनच टाकलं की हे त्यांच्या आजीच्या तोंडचं. परवा पाहुण्यांना सांगत होते, "मी लहानपनी आयकलं हाय हे." माझ्या हातात पोह्यांची ताटली होती, ती पडता पडता राहिली.

आणि तुझा प्रश्न. बदल की. 'आली'चं 'आला' केलं तर काय आभाळ कोसळतं? अर्थ आपल्याला माहीत आहे, तो कुठे जातोय? तुझं इतक्या वर्षांचं स्वप्न एका वेलांटीपायी अडवून मी काय करू? गोवर्धनला मात्र देऊ नकोस. तू गा.

थंडी पडली आहे. गळ्याला मफलर बांधत जा.

अपेक्षा

जठारपेठ, अकोला
२८ नोव्हेंबर २०२४

अपेक्षा,

तुझ्या पत्राने छातीवरचा धोंडा उतरला. मला वाटलं होतं तू रागावशील. वेडीच आहे मी.

गाणं झालं. त्यांच्या कवीची फजिती सांगते. 'आली'चं 'आला' केल्यावर खाली 'दुपार निवली' जुळेना. दुपार पडली बाई. मग त्याने दोन दिवस विचार करून दुपार काढली आणि उन्हाळा घातला. 'माझ्या अंगणात उन्हाळा निवला.' तुला पुरुष करायचं तर दुपारीलाही व्हावं लागलं.

दादाचे चौकडीचे शर्ट आणि कॅनव्हासचे बूट आता बंद. काठपदर, नथ, आणि माझ्या कापलेल्या केसांना कमरेपर्यंत गंगावन. आरशात एक बाई उभी असते, छान असते, मी तिला नमस्कार करते. कंपनीने गोवर्धनचे आणि माझे फोटो बाहेर सोडलेत. मुली मला विचारतात, "ताई, 'तूच आला' म्हंजे थोच ना?" मी हसते. हसायचं असं करारातच आहे, दादा म्हणतो.

कुलसुमबी तुझं पाकीट देताना डोळे मिचकावतात. "ले, तेरे अमरावतीवाले का खत." मी काही दुरुस्त केलं नाही.

डिसेंबरात मूर्तिजापूरला येशील? मी मास्क लावून येईन.

आचल

अमरावती
२७ डिसेंबर २०२४

आचल,

महिना होत आला, मी लिहिलं नाही. क्लासच्या परीक्षा होत्या, असं लिहिणार होते. ते खोटं आहे.

नवीन गाणं मी ऑटोत ऐकलं. संध्याकाळची वेळ, बाहेर सगळं दुधासारखं पांढरं, दिवे कुठले आणि माणसं कुठली कळत नव्हतं. तुझा आवाज सुरू झाला आणि मला नेहमीसारखं घरी आल्यासारखं वाटलं. मग 'आला' आलं. मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबवा, आणि मधेच उतरले. रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले, आचल. मफलर तोंडाशी धरून.

मी तुला लिहिलं ना, अर्थ कुठे जातोय. गेला. मला कळलंच नव्हतं की जाईल.

तुला ती दुपार आठवते? मे महिना, तू फोनवर म्हणालीस, "थांब, मी येतो," आणि मला धीर निघेना म्हणून मीच एसटीत बसून अकोल्याला आले. तुझ्या अंगणात उभी राहिले तेव्हा तू झारी घेऊन तुळशीला पाणी घालत होतीस. तू माझ्याकडे जसं पाहिलंस ना, तेवढंच मला लिहायचं होतं. म्हणून गाणं तुझ्या तोंडी लिहिलं. त्या गाण्यात मी एकाच जागी आहे, 'आली'मध्ये. बाकी सगळं तुझं. ती एवढीशी जागा होती आणि मीच शहाणपणा करून म्हटलं, पुसून टाक.

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे. माझ्यावर जास्त आहे. मूर्तिजापूरला मी येणार नाही. मास्क लावून भेटायला आता मला जमणार नाही असं वाटतं.

अपेक्षा

जठारपेठ, अकोला
२ जानेवारी २०२५

अपेक्षा,

तू 'बदल' म्हणालीस आणि मी किती पटकन ऐकलं. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून पत्रात खाली काय दडलं आहे ते पाहिलंच नाही. थोडा राग आहे म्हणतेस, तो जास्त असायला हवा.

मी भ्यायले गं. अजून भिते. चाहते आपल्याला डोक्यावर घेतात तेव्हा जमीन किती लांब दिसते ते वर गेल्याशिवाय कळत नाही. आईला मंदिरात बाया मान देतात आता. दादाने नोकरी सोडली आहे माझ्यासाठी. माझ्या एका शब्दावर एवढी माणसं उभी आहेत, आणि तो शब्द कोणता हे फक्त तुला आणि मला माहीत आहे.

अकरा तारखेला अमरावतीला महोत्सव आहे. शेवटून दुसरं गाणं आपलं. काय गाईन ते मला खरंच माहीत नाही. वचन देत नाही, दिलेलं मोडलं तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही. पण तू ये. गर्दीत कुठेही उभी राहा. मला नुसतं ठाऊक असू दे.

आचल

अमरावती
१२ जानेवारी २०२५

आचल,

मी होते. डावीकडे, उसाच्या रसाच्या गाडीपाशी. तुला दिसणं शक्यच नव्हतं.

तू नथ घालून आलीस, ते गंगावन, ते दिवे. मला वाटलं, संपलं. 'मी येते म्हणाले होते' सुरू झालं आणि मी चपलांकडे बघत उभी राहिले. आणि मग समोरच्या बायांनीच तुला गाऊ दिलं नाही. त्यांना नवीन शब्द येतच नव्हते. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, कॉलेजच्या पोरी, सगळ्या जुनंच म्हणत होत्या, 'मी येतो म्हनलं होतं'. तू गात होतीस 'आला' आणि मैदान गात होतं 'आली'. मला तर स्वप्नातच असल्यासारखं वाटत होतं. तू थांबलीस. माइक खाली घेतलास.

निवेदक धावत आला, "प्रेक्षकांना पुरुषाच्या तोंडचंच गाणं आवडतं वाटतं!" आणि तू म्हणालीस. शब्द न् शब्द लिहून ठेवते, मला म्हातारपणी लागेल:

"पोराच्या तोंडचं नाई हे. माह्या तोंडचं हाय. माही माय येतो म्हनते, मी बी येतो म्हनतो. आन 'तूच आली' म्हंजे थेच आली. पोरगीच आली. मी तिलेच म्हनून राहिलो."

मी रसवाल्याच्या गाडीला धरलं.

आणि मग काय झालं, ते तू वरून पाहिलंसच. टाळ्या. शिट्ट्या. "वऱ्हाडी! वऱ्हाडी!" निवेदक म्हणाला, असा आपल्या बोलीचा अभिमान पाहिजे. आज पेपरात मोठा मथळा आहे, 'मुंबईच्या कंपनीला आचलने शिकवली वऱ्हाडी.' बाबांनी ते कात्रण काढून ठेवलं आहे. सकाळपासून घरात वाऱ्यासारखे फिरताहेत. "पाह्य वं, आपल्या बायाइचं व्याकरन तिनं भर मैदानात सांगतलं!" सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, त्यांचं बोली मंडळ तुझा सत्कार करणार आहे. बाबाच तुला फोन करतील. म्हणजे गजूदादाला.

मी हसले, आचल. पोट धरून हसले आणि मग न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले. तू म्हणालीस, सगळ्यांसमोर म्हणालीस. मला दुसरं काही नको.

तुझीच,
अपेक्षा

जठारपेठ, अकोला
२१ जानेवारी २०२५

अपेक्षा,

'दुसरं काही नको' असं तू लिहितेस तेव्हा मी आता दोनदा वाचते.

मी सगळ्यांसमोर उघडी उभी राहिले आणि लोकांनी माझ्यावर शाल पांघरली. पाच सत्कार झाले आत्तापर्यंत. कंपनीवाले खूश. आता जुनंच गाणं चालवू म्हणतात, बोलीला सध्या मागणी आहे. चष्मेवाला 'मी येतो' छापलेले टी-शर्ट काढणार आहे. सगळं सुखरूप आहे. कोणालाही काहीही कळलेलं नाही, आणि मला श्वास घेता येत नाही.

कोणालाच नाही, असं म्हणणं बरोबर नाही. परवा दादा जेवणावरून उठून फोन घेऊन आला. म्हणाला, "ह्या पोरी काय लिवून राहिल्या?" दर्यापूरची एक, तेल्हाऱ्याची एक, अशा बऱ्याच. 'ताई, मले समजलं.' एवढंच. एकीने लिहिलंय, 'ताई, माही बी एक हाय.' दादा मग हळूच म्हणाला, "याले काय उत्तर देऊ?" मी म्हटलं, "तू नको देऊ. मी देतो." त्याने फोन ताटाशेजारी ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. आईने त्याची भाकरी झाकून ठेवली. नंतर माझ्या केसांना तेल लावताना तिचा हात मधेच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

कुलसुमबींना मी सांगितलं, अमरावतीवाला नाही, अमरावतीवाली. त्यांनी टेप गळ्यातून काढली, पुन्हा गळ्यात घातली. म्हणाल्या, "हात उपर कर, माप लेने दे." आणि दादाच्या शर्टासारखाच एक शर्ट शिवून दिला आहे, माझ्या खांद्याचा.

आता तुझ्या बाबांचा कार्यक्रम. त्या दिवशी मला पुन्हा बोलायचं आहे. या वेळी कोणाला टाळ्या वाजवता येणार नाहीत इतकं सरळ. पण ते घर तुझं आहे. बाबा तुझे. समोर ते बसलेले असतील आणि मी 'ती' म्हणेन तेव्हा ती त्यांच्या शेजारी बसलेली असेल. तू नको म्हणालीस तर मी शाल घेईन, नारळ घेईन आणि परत येईन. मनापासून सांगते, रागावणार नाही. फक्त या वेळी खरं लिही.

आचल

अमरावती
९ फेब्रुवारी २०२५

आचल,

खरं लिहिते.

सोमवारी बाबा पत्रिकेची प्रुफं तपासत बसले होते. लाल पेन, शाळेतलं. 'पारंपरिक वऱ्हाडी गीत' असं छापलेलं मला दिसलं आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, ते पारंपरिक नाही. मी लिहिलं आहे."

त्यांना आधी आनंदच झाला गं. खुर्चीतून उठलेच. "तू? कावून सांगतलं नाई वं मले?" डोळ्यांत पाणी. आजीच्या तोंडचं होतं हे क्षणात विसरले. आई आतून हात पुसत आली. मला वाटलं, इथेच थांबावं, एवढ्यावर जन्म काढता येईल. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "पन पोराच्या तोंडी कावून लिवलं?"

मी म्हटलं, "पोराच्या नाही. आचल त्या दिवशी मैदानात म्हणाली तेच खरं आहे. तिच्याच तोंडी लिहिलं."

बाबांनी आयुष्यभर क्रियापदं शिकवली. त्यांनी दोन्ही ओळी मनात म्हटल्या, ओठ हलताना दिसले. 'येतो'वर काही अडलं नाही. 'आली'वर ते थांबले.

"मंग 'तू' कोन?"

"मी."

आई मटकन खाली बसली. बाबांनी पेनाला टोपण लावलं. लागेना, दोनदा घसरलं. मग ते आतल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी आई परतवाड्याला मावशीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "गावाले तोंड कसं दाखवू मी?" घरात आम्ही दोघंच. मी स्वयंपाक करायचे, ते ताट घेऊन अंगणात जायचे. मी खूप घाबरले होते, आचल, अजून आहे. पण एक विचित्र गोष्ट सांगते, मला झोप लागत होती. कितीतरी दिवसांनी गाढ, स्वप्नं न पडता.

काल प्रेसवरून गठ्ठा आला. मी वरची पत्रिका उचलली. 'गीत: अपेक्षा नत्थुजी इंगोले. गायिका: आचल धोटे.' मी बाबांकडे पाहिलं. ते पाकिटं मोजत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्या हातून चुकीचं छापल्या जात नाई. बाकी मले काई बोलू नोको." मी शेजारी बसले आणि आम्ही दोघांनी पत्ते लिहायला घेतले. दुपारभर नुसता कागदांचा आवाज होता, उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत गेला, आणि मला वाटत होतं की मी हलले तर हे सगळं मोडेल.

सत्तावीस तारखेला तू बोल. सगळं, सरळ. मी पहिल्या रांगेत असेन. आई येईल की नाही, माहीत नाही.

तुझं पाकीट बाबांनी माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं. 'कु. आचल धोटे, जठारपेठ, अकोला.' मग नावापुढे एक शब्द घातला, 'सहकुटुंब'. ते आत गेल्यावर मी सगळा गठ्ठा उलगडून पाहिला. दुसऱ्या कुठल्याच पाकिटावर तो नाही.

तुझ्या आईला आणि गजूदादाला घेऊन ये. मी दारात उभी असेन.

अपेक्षा